बाळाचं श्रवणयंत्र : किमतीच्या पाटीवर नसलेला खर्च

नोकरीनिमित्त लखनौला आलेल्या मराठी घरात बाळाच्या ऐकण्याविषयी शंका आली, तर ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात’ म्हणून थांबू नका. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हा जगभर मानला जाणारा क्रम आहे. खासगीत ओएई या कानाच्या प्राथमिक चाचणीला साधारण 500 ते 1,500 रुपये पडतात, आवाजाला मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा प्रतिसाद मोजणाऱ्या बेरा चाचणीला 1,500 ते 4,000. बेरा झोपलेल्या बाळाचीच नीट होते. म्हणून झोपेची वेळ धरून न्या. लखनौच्या केजीएमयू आणि एसजीपीजीआय या सरकारी संस्थांत खर्च कमी, पण रांग मोठी.

डिजिटल श्रवणयंत्र एका कानाला 15,000 रुपयांपासून लाखापर्यंत. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिल बघून घ्या. बहुतेक घरं इथेच सगळे पैसे ओततात आणि नंतर हात आखडता घेतात. माझ्या मते बाळाच्या श्रवणदोषाला पुरेल असं मधल्या किमतीचं यंत्र घ्यावं आणि इअरमोल्डसाठी, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेल्या साच्यासाठी, पैसे राखून ठेवावेत. तान्ह्याचा कान भराभर वाढतो. मोल्ड सैल झाला की यंत्र शिट्टी मारतं, बाळ ते ओढून काढतं. पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी नवा मोल्ड लागू शकतो. बॅटरीच्या कप्प्याला कुलूप हवंच; गिळलेली बॅटरी जिवावर बेतते. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

घरच्या कामाला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. रोज सकाळी यंत्र लावल्यावर तोंड झाकून आ, ई, ऊ, म, स, श म्हणा. बाळ कशाला दाद देतं ते वहीत लिहा. स्पीच थेरपिस्ट हिंदीत शिकवत असले तरी घरी मराठीतच भरपूर बोला. आई-बाबांना सहज येणारी भाषाच बाळाच्या कानावर दिवसभर पडू शकते. सोबत खुणांची भाषा शिकायलाही हरकत नाही.

यंत्राने भागत नसेल, तर केंद्राच्या एडिप योजनेत जन्मतः बहिऱ्या मुलांना पाच वर्षांपर्यंत कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं उपकरण) मिळू शकतं. उत्पन्नाची अट आहे. मुंबईची अली यावर जंग संस्था ही त्यासाठीची नोडल (समन्वय करणारी) संस्था. होकार देण्याआधी वॉरंटी संपल्यावर केबल, कॉइल आणि कानाबाहेर लावायचा नवा प्रोसेसर केवढ्याला पडेल, ते लेखी मागा. प्रोसेसरची किंमत लाखांत जाते, आणि तो खर्च सहसा पालकांवरच येतो.