मागे पडणारी परिचर्या विद्यार्थिनी : मार्गदर्शन आणि मूल्यमापन

पुणे शहराच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या काठी वसलेले मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. सीरम इन्स्टिट्यूटचे लसनिर्मितीचे मोठे केंद्र मांजरीतच आहे. कारखान्यात लस कितीही उत्तम तयार झाली, तरी आरोग्य केंद्रात ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात जपून, योग्य बालकास योग्य मात्रेत देण्याचे काम अखेर परिचारिकेच्याच हातून होते. तो हात वॉर्डात आणि उपकेंद्रात घडतो. म्हणूनच तेथे प्रात्यक्षिकासाठी आलेली एखादी विद्यार्थिनी मागे पडत असेल, तर तो प्रश्न एकट्या महाविद्यालयाचा राहत नाही. रुग्णाच्या सुरक्षिततेचा होतो.

कारण शोधावे

मागे पडण्याची कारणे निरनिराळी असतात. कोणास माहिती नसते, कोणास माहिती असून हात बसलेला नसतो, तर कोणी विचारण्यासच भिते. समजा, ५ मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम औषध आहे आणि रुग्णास २५० मिलिग्रॅम द्यावयाचे आहे. २.५ मिलिलिटर हे उत्तर जिला काढता येत नाही, तिला गणित शिकवावे लागेल. उत्तर काढूनही सिरिंज भरताना जिचा हात कापतो, तिला देखरेखीखाली सराव हवा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीस औषधावरील इंग्रजी नाव वाचताना अडखळायला होत असेल, तर तिला मंदबुद्धी ठरविणे अन्यायाचे आहे.

मात्र संथपणा आणि अप्रामाणिकपणा यांत भेद केलाच पाहिजे. नाडी मोजण्यास वेळ लावणारी, शंका आल्यास सिस्टरांना विचारणारी मुलगी रुग्णास सुरक्षित आहे. न मोजताच तक्त्यावर आकडा भरणारी मुलगी चपळ दिसली, तरी धोक्याची आहे. पहिलीला वेळ द्यावा. दुसरीची नोंद त्याच दिवशी महाविद्यालयास कळवावी.

मार्गदर्शनाची पद्धत

पहिल्याच आठवड्यात विद्यार्थिनीस एक निश्चित मार्गदर्शक परिचारिका नेमून द्यावी. रोज नव्या व्यक्तीच्या हाताखाली काम केल्यास तिची प्रगती कोणाच्याच लक्षात येत नाही. उणीव दिसताच ती रुग्णांसमोर न सांगता बाजूस घेऊन सांगावी, आणि लिहूनही ठेवावी. ‘आत्मविश्वास कमी’ या शेऱ्यातून तिला काहीच उमगत नाही. ‘इंजेक्शन देण्यापूर्वी रुग्णाचे नाव विचारले नाही’ हे वाचले म्हणजे काय सुधारावयाचे ते कळते. नोंदीत तीन गोष्टी असाव्यात : काय पाहिले, काय अपेक्षित आहे आणि कोणत्या दिवशी पुन्हा पाहावयाचे. त्या दिवशी खरोखर पुन्हा पाहावे.

औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पंचसूत्री सर्वांस पाठ असते. ती पाठ आहे की पाळली जाते, हे रुग्णाच्या खाटेजवळच कळते.

दयेचे गुण

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार पदवी मिळण्यापूर्वी प्रत्येक प्रात्यक्षिक विभागातील उपस्थिती १०० टक्के पूर्ण करावी लागते. पण उपस्थिती भरली म्हणजे काम आलेच असे नव्हे. स्कॉटलंडमधील कॅथलीन डफी यांच्या २००३ सालच्या अभ्यासात असे आढळले की, क्षमतेविषयी शंका असूनही काही मार्गदर्शक विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करतात. उणीव वेळेवर न सांगितल्याने शेवटी अनुत्तीर्ण करणे कठीण जाते, हे त्याचे एक कारण होते.

आपल्याकडेही हा मोह स्वाभाविक आहे. मुलगी गरीब घरची असते, वडिलांनी फीसाठी कर्ज काढलेले असते. ‘पुढे शिकेल’ म्हणून सही केली जाते. पुढे ती रात्रपाळीत एकटी असते, आणि न शिकलेल्या गोष्टीची किंमत रुग्ण चुकवितो. तिच्यावरही चौकशीची पाळी येते. याउलट, महिनाभर काही न बोलता अखेरच्या दिवशी नापास करणे हाही अन्यायच. वेळेवर सांगितले, सुधारण्याची संधी दिली आणि तरीही जमले नाही, तर पुन्हा प्रात्यक्षिक करावयास लावणे हाच न्याय आहे.

गावाचा वाटा

१९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविले. त्या काळी घरातून परवानगी मिळणे हीच मोठी अडचण होती. आज मुली शिकावयास येतात; त्या नीट शिकतील अशी व्यवस्था करणे हे काम उरले आहे. गावात प्रात्यक्षिकासाठी येणाऱ्या विद्यार्थिनींना सुरक्षित निवास, स्वच्छतागृह आणि ये-जा करण्याची सोय मिळते का, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. त्यांना केवळ नोंदवह्या भरण्यास बसविले जात नाही ना, हे अधिकाऱ्यांनी पाहावे. गृहभेटीस आलेल्या मुलीने विचारलेल्या प्रश्नांना गावकऱ्यांनी नीट उत्तरे दिली, तरी तिचे अर्धे भय जाते. उद्या याच गावातील बाळंतिणीच्या उशाशी कदाचित तीच उभी असेल.