जावाची पहिली पायरी : पर्जन्यनोंदीच्या उदाहरणातून

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ हा तालुका १९९९ साली अस्तित्वात आला. पावसाळ्यात या तालुक्यातील शिरूर अनंतपाळ, हिसामाबाद व साकोळ या महसूल मंडळांतील पाऊस मिलिमीटरमध्ये नोंदविला जातो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास त्या मंडळात अतिवृष्टी झाली, असे मानण्यात येते. पुढील पंचनामे आणि मदत यांचा विचार या आकड्यापासून सुरू होतो. अशा नोंदी तपासणारी लहानशी आज्ञावली लिहिता लिहिता जावा या संगणक-भाषेची मूलतत्त्वे चांगली समजतात.

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. काम १९९१ मध्ये सुरू झाले आणि १९९५ मध्ये भाषा जाहीर झाली. तिची मुख्य कल्पना आपल्या भागातील वाचकास सहज पटावी. हैदराबाद संस्थानाच्या काळात मराठवाड्यातील सरकारी कागद उर्दूत असे आणि तो गावकऱ्यास समजावून सांगणारा जाणकार लागे. कागद एकच, जाणकार मात्र गावोगावचा. जावातही तसेच आहे. लिहिलेल्या आज्ञावलीचे भाषांतर प्रथम 'बाइटकोड' नावाच्या मधल्या भाषेत होते आणि प्रत्येक प्रकारच्या संगणकावरील 'जावा व्हर्च्युअल मशीन' तो बाइटकोड त्या यंत्राला समजावून देते. त्यामुळे एकदा लिहिलेली आज्ञावली निरनिराळ्या यंत्रांवर चालू शकते.

आज्ञावलीत माहिती ठेवण्यासाठी नाव दिलेली जागा लागते. तिला चल म्हणतात. जावात चलाचा प्रकार सहसा आधी सांगावा लागतो. पूर्णांकासाठी 'इंट' आणि दशांश अपूर्णांकासाठी 'डबल' असे प्रकार आहेत. शिस्त थोडी जाचक वाटते, पण ती उपयोगी आहे. ६५.८ हा आकडा इंट प्रकारच्या चलात सरळ ठेवू गेल्यास भाषांतरक चूक दाखवून थांबतो. मात्र प्रत्येक चूक तो पकडत नाही.

समजा, एके दिवशी तीन मंडळांत अनुक्रमे ९२, ६० व ४५ मिलिमीटर पाऊस झाला. बेरीज १९७. तिला ३ ने भागल्यास सरासरी सुमारे ६५.६७ येते. परंतु दोन्ही संख्या इंट असतील तर जावा उत्तर देते ६५, कारण पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक गळून पडतो. सरासरीचा चल डबल केला तरी उपयोग नाही, कारण भागाकार आधीच होऊन गेलेला असतो. भाजक ३ ऐवजी ३.० लिहावा, म्हणजे योग्य उत्तर मिळते. पहिल्या उत्तराने '६५ हून अधिक' ही अट पुरी होत नाही, दुसऱ्याने होते. म्हणजे केवळ एका टिंबाने निष्कर्ष उलटतो.

येथे शिकणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हिशेब दुरुस्त झाला तरी आज्ञावली चुकीचीच राहिली आहे. अतिवृष्टीचा निकष मंडळाला लावावयाचा असतो, तालुक्याच्या सरासरीला नव्हे. पहिल्या आज्ञावलीने तिन्ही मंडळे वगळली आणि दुसरीने तिन्ही मंडळे आत घेतली. वास्तविक ६५ ची मर्यादा एकाच मंडळाने ओलांडली होती. ही चूक दाखवून देणे भाषांतरकाच्या आवाक्यातले नाही. तो व्याकरण तपासतो, शासन निर्णय वाचीत नाही.

तेव्हा सरासरी सोडून प्रत्येक मंडळ स्वतंत्रपणे तपासावे. तिन्ही आकडे 'ॲरे' नावाच्या एका रांगेत ठेवावेत. 'फॉर' या आज्ञेने रांगेतील एकेक आकडा घ्यावा आणि 'इफ' या आज्ञेने तो ६५ हून अधिक आहे काय ते पाहावे. रांगेतील क्रमांक शून्यापासून सुरू होतात. तीन आकड्यांचे क्रमांक ०, १ व २ असतात. क्रमांक ३ मागितल्यास आज्ञावली चालता चालता बंद पडते. नवशिके येथे हमखास अडखळतात.

इंग्रजीची धास्ती असणाऱ्या शिक्षकांसाठी एक सोय सांगण्याजोगी आहे. जावातील ठरावीक आज्ञाशब्द इंग्रजी आहेत, परंतु चलांची नावे देवनागरीत देता येतात. 'पाऊस', 'मंडळ', 'बेरीज' ही नावे भाषांतरकास चालतात. आज्ञावलीच्या मजकुरात संख्या मात्र इंग्रजी अंकांतच लिहाव्या लागतात. वापरणाऱ्याने अक्षररूपात भरलेले '९२' मात्र जावाची 'पार्स-इंट' ही सोय संख्येत बदलून देते.

आज्ञावली चालू लागल्यावर साकोळच्या ४५ च्या जागी बरोबर ६५ घालून पाहावे. 'हून अधिक' हे चिन्ह असेल तर साकोळ वगळले जाते. 'इतके किंवा अधिक' हे चिन्ह असेल तर ते यादीत येते. यांपैकी कोणते चिन्ह वापरावयाचे, ते शासन निर्णयातील शब्द पाहून ठरवावे लागते.