गोधडीपासून चित्रापर्यंत

रंगाविषयी बोलताना आम्ही वर्गात एक जुनी तक्रार सांगत असतो. पॅरिसच्या गोबलँ या सरकारी विणकामशाळेत काळा धागा फिका दिसतो, अशी ओरड होती. तेथील रंगविभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी शोध घेतला, तेव्हा रंगात दोष आढळला नाही. शेजारच्या निळ्या-जांभळ्या छटांमुळे काळा निस्तेज भासत होता. १८३९ मध्ये त्यांनी हे निरीक्षण ग्रंथरूपाने मांडले.

त्या निरीक्षणातून पुढे एक संपूर्ण चित्रपद्धती उभी राहिली. सोनिया देलोने यांचा जन्म १८८५ साली युक्रेनमध्ये झाला. सेंट पीटर्सबर्गला मामाच्या घरी त्या वाढल्या आणि चित्रकलेसाठी पॅरिसला आल्या. १९११ साली मुलगा झाला, तेव्हा गावाकडील शेतकऱ्यांच्या घरी पाहिलेल्या रीतीने कापडाचे तुकडे जोडून त्यांनी बाळासाठी गोधडी शिवली. (आमच्या वसतिगृहातील मुलांना गोधडी समजावून सांगावी लागत नाही.) तिच्यात फूल नाही, पक्षी नाही, केवळ रंगाला लागून रंग. शिवून झाल्यावर त्यांना स्वतःलाच तिच्यात नव्या घनवादी चित्रांची रचना दिसली. मग तीच रीत त्यांनी आणि पती रॉबर्ट यांनी चित्रांत वापरून पाहिली.

त्या काळी पॅरिसच्या रस्त्यांवर विजेचे दिवे नवे होते. बुलव्हार सां-मिशेलवरील दिव्यांभोवतीची तेजोवलये पाहण्यास हे दांपत्य जात असे. त्यातून १९१४ चे ‘विद्युत लोलक’ हे अडीच मीटर लांबी-रुंदीचे चित्र साकारले. त्याआधीच्या वर्षी सोनियांनी ‘बाल ब्युलिए’ या नृत्यगृहाचे जवळजवळ चार मीटर लांबीचे चित्र रंगविले; तेही गादीच्या कापडावर. नर्तकांच्या आकृती त्यात रंगांच्या वळणांत विरघळतात.

१९१७ च्या रशियन क्रांतीनंतर पीटर्सबर्गहून येणारे उत्पन्न थांबले. सोनियांनी कापडाचे नमुने आणि पोशाख तयार करून घर चालविले. आम्ही विद्यार्थिदशेत वाचलेल्या पुस्तकांत मात्र रॉबर्ट यांचा आयफेल मनोरा चित्रकला ठरे आणि सोनियांचे कापड हस्तव्यवसाय! हा भेद आम्हांस तेव्हाही पटला नव्हता. हात तोच, डोळा तोच आणि रंगाचा नियमही तोच होता.

१९६४ मध्ये लूव्र संग्रहालयात सोनियांच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरले. हयातीत तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री चित्रकार. बाळाची ती जेमतेम मीटरभर लांबीची गोधडी आता पॅरिसच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे.