काढणीची अवस्था आणि फुलदाणीतील आयुष्य

पुष्पगुच्छ विकत घेताना ग्राहक रंग, गंध आणि आकार पाहतो. त्याचे समाधान मात्र पुढच्या काही दिवसांत ठरते. गुलाबाची कळी घरी गेल्यावर उमलली पाहिजे, ग्लॅडिओलसच्या दांड्यावरील वरची फुले क्रमाने फुलली पाहिजेत, जरबेऱ्याची मान ताठ राहिली पाहिजे. लांब दांड्याच्या फुलांचे आकर्षण असे दुकानाबाहेरही टिकावे लागते आणि त्याचा बराचसा निर्णय शेतात, फूल काढतानाच झालेला असतो.

गुलाबात बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटू लागल्या आणि कळीखालची हिरवी दले मागे वळू लागली की दांडा कापावा. पिवळ्या जाती लवकर उमलतात, म्हणून त्या लाल-गुलाबी जातींपेक्षा किंचित आधी काढल्या जातात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मागणी वाढते, तेव्हा घट्ट कळ्याही कापण्याचा मोह होतो. अशा कळीखालचा दांडा अजून कोवळा असतो व कळीत उमलण्यापुरती साखरही साठलेली नसते. पाणी जरा कमी पडले की ती मान टाकते आणि न उमलताच सुकते. शेतकऱ्याला त्या दिवशी पैसे मिळतातही. पुढच्या खेपेला मात्र विक्रेता त्याच्या मालाकडे संशयाने पाहतो.

जरबेऱ्याचे तंत्र अगदी निराळे आहे. येथे कळी चालत नाही. मधल्या चकतीतील बारीक फुलांच्या बाहेरील दोन-तीन ओळी उमलल्या, की फूल तयार झाले असे समजावे. त्याआधी काढलेले फूल फुलदाणीत लवकर वाकते. दांडा कापू नये. बुडाशी धरून बाजूला वाकवावा व ओढून काढावा, कारण कापल्यास झाडावर उरलेला खुंट कुजतो. काढल्यानंतर मात्र बुडाचा दोन-तीन सेंटिमीटरचा कठीण भाग छाटावाच लागतो, कारण त्या भागातून पाणी नीट वर चढत नाही. मजुरांना ही दोन कामे परस्परविरोधी वाटतात; विस्तार कार्यकर्त्याने ती सांगण्यापेक्षा प्रत्यक्ष करून दाखवलेली बरी.

ग्लॅडिओलसच्या खालच्या एक-दोन कळ्यांत रंग दिसू लागला की दांडा काढणीस येतो. तो आडवा ठेवला तर शेंडा वर वळतो आणि बाकदार दांड्याला पुष्परचनेत कोणी विचारत नाही. म्हणून वाहतूक व साठवण उभ्याने करावी. दुहेरी पाकळ्यांच्या निशिगंधात खालची एक-दोन फुले उमलल्यावर कापणी होते. एकेरी निशिगंध मुख्यतः सुट्या फुलांसाठी व अर्कासाठी जातो, तेथे हा हिशोब लागू नाही. कार्नेशन रंगाच्या ब्रशासारखे दिसू लागले की काढतात. ऑर्किडच्या बाबतीत घाई पूर्ण नुकसानीची ठरते: दांड्यावरील बहुतेक फुले उमलेपर्यंत थांबावे लागते, कारण मिटलेल्या कळ्या कापणीनंतर सहसा उमलत नाहीत.

काढणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावी आणि दांडे लगेच स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवावेत. बादलीच्या स्वच्छतेला अनेक ठिकाणी कमी लेखले जाते. कालच्या पाण्यातील जिवाणू दांड्यातील नलिका बुजवतात, मग वर पाणी चढत नाही आणि दोष मात्र वाणाला दिला जातो. जरबेऱ्याच्या लवदार दांड्यासाठी पाणी उथळच असावे.

शीतगृहातही सर्व फुलांना एकच मोजमाप लावून चालत नाही. गुलाब २ ते ४ अंश सेल्सिअसला चांगला टिकतो. अँथुरियम हे उष्ण प्रदेशातील फूल असल्याने साधारण १३ अंशांखाली ते काळवंडू लागते. दोन्ही फुले एकाच खोलीत ठेवणाऱ्याला एकाचे तरी नुकसान सोसावे लागते. कार्नेशनचा शत्रू आणखी वेगळा आहे. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने त्याच्या पाकळ्या अकाली मिटतात व सुकतात. त्यामुळे केळी किंवा आंबे भरलेल्या गाडीतून कार्नेशनच्या पेट्या पाठवू नयेत, भाडे कितीही स्वस्त पडत असले तरी.