फळझाडांच्या वाणांची ओळख : पानाची साक्ष

(सामान्य विज्ञान : इयत्ता सहावी व सातवी यांच्यासाठी पाठाची मांडणी)

विषयप्रवेश

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अनसिंग येथील एखादा शेतकरी संत्र्याची कलमे विकत आणतो, खड्डे भरतो, आणि विहिरीचे पाणी जपून देत झाडे वाढवितो. संत्र्याचे झाड फळावर येण्यास चार-पाच वर्षे लागतात. इतक्या काळानंतर फळ भलत्याच वाणाचे निघाले, किंवा कमकुवत खुंटामुळे झाड डिंक्या रोगाने वाळू लागले, तर पैसा पुन्हा उभा करता येईल. परंतु गेलेली वर्षे परत येत नाहीत. सोयाबीनचे बियाणे फसवे निघाले तर त्या हंगामाचे पीक जाते. फळझाड फसवे निघाले तर शेतकऱ्याच्या उमेदीचा काळ जातो. म्हणून रोप लहान असतानाच त्याची जात निश्चित ओळखता येईल काय, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातील मुलांच्या घरचा आहे. त्यापासूनच पाठाचा आरंभ करावा.

एका झाडात दोन झाडे

संत्र्याचे कलम म्हणजे वस्तुतः दोन झाडांचा संयोग होय, ही गोष्ट मुलांच्या मनावर प्रथम ठसवावी. अमरावती जिल्ह्यातील वरूड, शेंदूरजना घाट या भागातील रोपवाटिकांत जंबेरीचे किंवा रंगपूर लिंबाचे बी पेरून रोपे तयार करतात. तो खुंट होय. त्यावर जमिनीपासून सुमारे वीतभर उंचीवर नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात. डोळा फुटला की वरचा शेंडा कापून टाकतात. यामुळे मुळे एका जातीची व फांद्या दुसऱ्या जातीच्या असे झाड तयार होते. फळ डोळ्याच्या जातीचे येते. परंतु जमीन, पाणी व मुळांचे रोग यांच्याशी झुंज खुंटाला द्यावी लागते. रंगपूर लिंबाचा खुंट मूळकुजीला जंबेरीपेक्षा अधिक तोंड देतो. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून राहते, तेथे हा भेद महत्त्वाचा ठरतो. मात्र जंबेरी व रंगपूर यांची कोवळी रोपे नुसत्या नजरेने वेगळी करणे अनुभवी माळ्यालाही कठीण जाते.

वंशसूत्राची भाषा

प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात. संत्र्याच्या पेशीत ती १८ व आंब्याच्या पेशीत ४० असतात. या गुणसूत्रांत डी.एन.ए. नावाचे अतिसूक्ष्म दुपेडी सूत्र असते. त्याची रचना वॉटसन व क्रिक या शास्त्रज्ञांनी १९५३ साली मांडली. चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली ती जणू एक लांबलचक पोथीच आहे. पोथीतील काही ठिकाणी तीच दोन-तीन अक्षरे पुनःपुन्हा येतात. एका वाणात ती बारा वेळा आली असतील, तर दुसऱ्यात सतरा वेळा. अशा अनेक जागा तपासल्या की त्या वाणाची खूण मिळते.

प्रयोगशाळेतील रीत थोडक्यात अशी. कोवळे पान अतिशीत करून त्याची पूड करतात. रसायनांच्या साहाय्याने त्यातून डी.एन.ए. वेगळे काढतात, निवडलेल्या जागांच्या लक्षावधी प्रती तयार करतात, आणि त्या लुकणासारख्या पातळ थरातून विजेच्या प्रवाहाने सरकवितात. आखूड तुकडे पुढे जातात, लांब मागे राहतात. यातून उमटलेल्या पट्ट्या ज्याची जात निःसंशय माहीत आहे अशा मातृवृक्षाच्या पट्ट्यांशी ताडून पाहतात. ताडण्यासाठी असा मातृवृक्ष नसेल, तर पट्ट्या मुक्याच राहतात.

शिक्षकांनी येथे एक प्रश्न विचारावा : कलमाच्या शेंड्याचे पान तपासले तर खुंट कळेल काय? उत्तर नकारार्थी आहे. खुंट ओळखण्यासाठी मुळाचा तुकडा किंवा डोळ्याच्या खालून फुटलेला फुटवा घ्यावा लागतो. हा प्रश्न ज्याला सुटला, त्याला कलम समजले असे मानावे.

बी आणि आईचे रूप

जंबेरीच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन रोपे उगवतात. त्यांपैकी बहुतेक आईच्याच ऊतीतून निर्माण झालेली, म्हणजे हुबेहूब आईसारखी असतात. एखादे मात्र परागसंकरातून झालेले व निराळे निघते. रोपवाटिकेत खुरटी व वेगळी दिसणारी रोपे उपटून टाकतात, त्याचे कारण हेच. नजरेतून निसटलेले रोप तपासणीत सापडते.

हापूस आंब्याची गोष्ट उलट आहे. त्याच्या कोयीतून एकच रोप येते व ते संकरज असते. म्हणून हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही. कलमच करावे लागते. आपल्या बांधावरील रायवळ आंबा कोयीचा असल्याने त्याचे प्रत्येक झाड स्वतंत्र आहे. शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या ही नावे गावोगावी ऐकू येतात. परंतु दोन गावांचे दोन शेप्ये एकच आहेत की केवळ नावाचे सोयरे आहेत, हे वंशसूत्रच सांगू शकते. असे झाड कलम न करता तोडले, तर ते जगातून कायमचे नाहीसे होते. शेतकऱ्याला आपला वाण नोंदविण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने दिला आहे, हेही मुलांना सांगावे.

तपासणीच्या मर्यादा

शास्त्राची थोरवी सांगताना त्याची मर्यादाही सांगावी. मोसंबी वर्गातील अनेक वाण एखाद्या फांदीत अकस्मात झालेल्या अल्पशा बदलातून निपजले आहेत. त्यांच्या पट्ट्या सामान्य तपासणीत सारख्याच दिसतात. शिवाय वाण म्हणजे सर्वस्व नव्हे. हापूसचे अस्सल कलम अनसिंगला लावले तर वंशसूत्राने ते हापूसच ठरेल. पण २०१८ साली मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील फळालाच लागू आहे. वंश पानात असतो. माती व हवा यांचे देणे निराळे असते.

वर्गात करावयाचा प्रयोग

साहित्य : पिकलेले अर्धे केळे, चिमूटभर मीठ, थोडे भांडी घासण्याचे द्रवरूप साबण, पाणी, स्वच्छ फडके, काचेचा पेला, थंड केलेले स्पिरिट.

कृती : केळे कुस्करून त्यात मीठ, साबण व पाणी घालून हलकेच ढवळावे. मिश्रण फडक्यातून पेल्यात गाळावे. पेल्याच्या कडेने थंड स्पिरिट सावकाश सोडावे. थोड्या वेळाने दोन थरांच्या मध्ये पांढरे तंतू दिसू लागतील. त्यांत केळ्याचे डी.एन.ए. असते. स्पिरिट शिक्षकांनी स्वतः ओतावे व जवळपास विस्तव नसावा. या तंतूंवरून वाण ओळखता येत नाही. तेथून पुढचे काम प्रयोगशाळेचे आहे, हे स्पष्ट करावे.

स्वाध्याय

१. घरच्या किंवा शेजारच्या बागेतील एका कलमावर डोळा भरलेली जागा शोधा व चित्र काढा.
२. डोळ्याखालचा फुटवा व वरचे पान चुरगळून दोहोंचा वास ताडून पाहा. काय आढळले ते लिहा.
३. गावातील जुन्या रायवळ आंब्यांची यादी करा : नाव, जागा, चव, वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती.
४. कलमे आणल्याची पावती, लागवडीची तारीख व ओळवार नकाशा घरी जपून ठेवला आहे काय, ते वडिलांना विचारा. नसल्यास त्यांच्या मदतीने नकाशा तयार करा.

चौथा स्वाध्याय सर्वांत साधा दिसतो, परंतु त्याचे मोल मोठे आहे. पुढे कधी तपासणीचा प्रसंग आला, तर कोणते झाड कोठून आले हे त्या कागदावरूनच सांगता येईल. तो नकाशा मुलाच्या हस्ताक्षरात असला, तर पाठ शाळेतून शेतापर्यंत पोहोचला असे शिक्षकांनी समजावे.