लेकीचा वाटा आणि राष्ट्राचा पाया



बालक बसवण्णांच्या मुंजीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. हा संस्कार आपली बहीण नागम्मा हिला का नाही, असे त्यांनी वडीलधाऱ्यांना विचारले. समाधान करणारे उत्तर मिळाले नाही. पुढे कल्याणात इष्टलिंग स्त्री-पुरुष दोघांच्याही करस्थळी आले. आयदक्की मारय्यांनी गरजेपेक्षा जास्त तांदूळ आणले तेव्हा ते परत करण्यास सांगणारी त्यांची पत्नी लक्कम्माच होती. म्हणजे घरात काय यावे, हे ठरविण्यात तिचाही अधिकार होता.

आता आपल्या घराकडे पाहू. पूजेला लेक आणि सून बसतात, पण वाटणीच्या बैठकीत त्यांना जागा असते का?

1956 चा हिंदू वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात वीरशैव व लिंगायत यांचा नावाने उल्लेख आहे. या कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत वारसा दिला. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मात्र मुलालाच राहिला. महाराष्ट्र व कर्नाटक या राज्यांनी 1994 मध्ये दुरुस्ती केली, तरी त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. अखेर 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर मुलगी मुलाप्रमाणेच जन्मतः सहहिस्सेदार झाली. त्या दिवशी वडील हयात नसले तरी तिचा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या कायम राहिल्या.

तरीही विषमता संपलेली नाही. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याची आई पहिल्या वारसांत येते. अपत्यहीन विधवा वारली तर तिची स्वतःची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील मागे राहतात. 2009 साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा झालेल्या मुलीला सासरने हाकलले होते. माहेरने तिला शिकविले, ती नोकरीला लागली. तिच्या पश्चात तिची ठेव व भविष्य निर्वाह निधी मिळाला तो नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना! ज्यांनी दार लावले, त्यांच्या नात्याला कायद्याने दार उघडले. कायकाचे फळ कायक करणाऱ्याच्या जिवलगांना मिळू नये, हे शरणतत्त्वाला धरून आहे काय?

याचा राष्ट्राशी संबंध काय, असे कोणी विचारील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत इशारा दिला होता, की राजकारणात समता आणि सामाजिक जीवनात विषमता हा विरोध फार काळ टिकला तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल. 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, त्यामागे हिंदू संहिता विधेयक रखडल्याचे मोठे कारण होते. जन्माने अधिकार कमी-जास्त होतात, हा पहिला धडा मूल घरातच शिकते. तोच धडा घेऊन ते पुढे नागरिक होते. ज्या घरात बहिणीचा हक्क मोडतो, तेथे शेजाऱ्याचा हक्क पाळण्याची सवय कोठून लागणार?

कायदा बदलला तरी घरची रीत बदलत नाही. वडील गेल्यावर बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायच्या आणि चोळी-बांगडी देऊन बोळवण करायची, हे आपल्यातही चालते. बहीण सही करते, कारण माहेर तुटेल ही भीती. भीतीने दिलेले ते दान नव्हे. तिने खुशीने हक्क सोडला तर गोष्ट वेगळी. पण आधी हा हक्क तुझा आहे, असे भावाने सांगितले पाहिजे.

म्हणून प्रत्येक घराने दोन गोष्टी कराव्यात. वाटणीच्या वेळी लेकीला बरोबरीने बसवावे. आणि कमावत्या भगिनींनी आपले मृत्युपत्र वेळीच करावे. तो अधिकार कायद्याने त्यांना दिला आहे. बालक बसवण्णांनी विचारलेला प्रश्न आज आपल्या उंबऱ्यात उभा आहे. त्याचे उत्तर आचरणाने द्यावे.