४१ : अक्षर, आकडा की आज्ञा?

प्रश्न : माझी नात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं ८०८६ मायक्रोप्रोसेसरचं पुस्तक सहज चाळलं. एका तक्त्यात ४१ म्हणजे इंग्रजी मोठं 'ए'. दुसरीकडे ४१ (हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाचा) म्हणजे आपला ६५. आणि शेवटच्या परिशिष्टात ४१ म्हणजे 'इन्क सीएक्स' ही इन्स्ट्रक्शन! मेमरीत तर नुसते शून्य आणि एक. मग यातलं काय घ्यायचं, हे प्रोसेसरला कसं कळतं? नात म्हणते, "आजोबा, हे परीक्षेला येत नाही."
– एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : कळत नाही. आणि हा प्रश्न परीक्षेला यायला हवा, असं नातीला जरूर सांगा.

तिन्ही ठिकाणी बाइट एकच आहे, ०१०००००१. 'मी अक्षर', 'मी आकडा' अशी कुठलीही खूण त्याच्यावर नसते. तो कुठल्या वाटेनं आत आला, यावर त्याचा अर्थ ठरतो.

८०८६ मध्ये सीएस आणि आयपी नावाची दोन रजिस्टरं मिळून मेमरीतला एक पत्ता दाखवतात. त्या पत्त्यावर जे सापडेल ते प्रोसेसर इन्स्ट्रक्शन समजून उचलतो, विचारपूस नाही. समजा, तिथे बी० आणि ४१ हे दोन हेक्स बाइट लागोपाठ आहेत. बी० चा अर्थ 'पुढचा बाइट उचलून एएल रजिस्टरमध्ये ठेव'. म्हणून इथे ४१ हा नुसता माल झाला. आता एखाद्या चुकलेल्या जंपमुळे आयपी एक घर पुढे पडला, तर तोच ४१ इन्स्ट्रक्शन म्हणून वाचला जातो आणि सीएक्समधला आकडा एकानं वाढतो. मेमरीत काहीही बदललेलं नसतं. प्रोग्रामच्या मधोमध डेटा लिहून त्यावरून उडी मारायला विसरलेली मुलं प्रॅक्टिकलला हेच भोगतात: प्रोसेसर त्या डेटावरूनच चालत सुटतो आणि मशीन हँग होतं.

अक्षराची गोष्ट आणखी मजेची. ४१ ला 'ए'चा आकार देतो तो डिस्प्ले. प्रोसेसरचा त्याच्याशी संबंध नाही. त्याच्या लेखी सगळे आकडेच. पहिल्या-दुसऱ्या प्रॅक्टिकलला हे हमखास उघडं पडतं. कीबोर्डवरून ५ आणि ४ घ्यायचे, बेरीज दाखवायची, एवढाच प्रोग्राम. पडद्यावर ९ ऐवजी इंग्रजी छोटा 'आय' उमटतो. कारण ५ ची कळ दाबली की येतो ३५, ४ ची दाबली की ३४. हेक्समध्ये त्यांची बेरीज ६९, आणि अॅस्की या अक्षरसंकेतात ६९ म्हणजे छोटा 'आय'. प्रोसेसरनं बेरीज अचूक केली. आधी दोन्हींतून ३० हेक्स वजा करायचे आणि उत्तरात पुन्हा मिळवायचे, हे काम प्रोग्राम लिहिणाऱ्याचं. ते पायथनमध्ये आयतं मिळतं म्हणून कोणी विचारत नाही. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत मोलाचा तास. चाळीस पिनांची आकृती पाठ करून घेण्यापेक्षा तर नक्कीच.

पण असं मोघम यंत्र मुळात बनवलं कशाला? एनिअॅक या सुरुवातीच्या संगणकाला नवं काम द्यायचं म्हणजे सुरुवातीला तारा आणि स्विच बदलत बसावं लागे. आज्ञा आणि आकडे एकाच मेमरीत ठेवण्याची कल्पना जॉन फॉन नॉयमान यांच्या १९४५ च्या अहवालात मांडलेली आहे आणि २१ जून १९४८ रोजी मँचेस्टरच्या 'बेबी' यंत्रावर मेमरीत साठवलेला पहिला प्रोग्राम चालला. तुमच्या नातीचा असेंब्लर याच सोयीवर जगतो. तो अक्षरं वाचतो, आकडे लिहितो आणि तेच आकडे पुढे इन्स्ट्रक्शन म्हणून चालतात. ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर मात्र प्रोग्रामची आणि डेटाची मेमरी वेगळी मानतो.

या सोयीची किंमतही मोजावी लागली. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्राम इंटरनेटवर पसरला. त्याच्या अनेक वाटांपैकी एक अशी: 'फिंगर' सेवेच्या प्रोग्राममध्ये ५१२ बाइटांची जागा होती, वर्मनं पाठवले ५३६. जादा बाइटांनी स्टॅकवरचा परतीचा पत्ता पुसला आणि नवा पत्ता नेमका त्या पाठवलेल्या मजकुराकडेच नेणारा होता. म्हणजे डेटा म्हणून आलेला माल इन्स्ट्रक्शन म्हणून चालू लागला. पुढे २००३ मध्ये एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरांत मेमरीच्या पानावर 'इथलं काही चालवू नये' अशी खूण करायची सोय आली. ८०८६ मध्ये तसलं काहीच नाही, म्हणून तर खेळायला तो बरा.

आणि ४१ चा अर्थ 'इन्क सीएक्स' हा तरी कुठे कायमचा आहे? ८०८५ या जुन्या प्रोसेसरमध्ये ४१ म्हणजे सी रजिस्टरमधला आकडा बी मध्ये ठेवणं. आजच्या लॅपटॉपचा प्रोसेसर ६४ बिटी पद्धतीत चालतो तेव्हा ४१ ही स्वतंत्र आज्ञा उरतच नाही. ती पुढच्या आज्ञेला जोडायची उपाधी होते. मात्र तोच लॅपटॉप जुन्या १६ बिटी पद्धतीत गेला की ४१ पुन्हा सीएक्स वाढवतो.

नातीच्या कॉलेजात डॉसबॉक्सबरोबर 'डीबग' बहुधा असेलच. तिला 'ई' कमांडनं १०० या पत्त्यावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'पुणे' टाइप करायला सांगा: पी, यू, एन, ई. 'डी' दिलं की अक्षरं दिसतील. 'यू' दिलं की त्याच चार बाइटांचा प्रोग्राम दिसेल: पुश एएक्स, पुश बीपी, डेक एसआय, इन्क बीपी. ८०८६ मध्ये ए ते झेड सगळी मोठी अक्षरं अशाच एकेका बाइटाच्या आज्ञा आहेत, त्यामुळे गावाचं कुठलंही नाव चालेल. फक्त चालवताना 'जी' देऊ नये, 'टी' देऊन एकेक पाऊल टाकावं. शेवटच्या अक्षरानंतर प्रोसेसर थांबत नाही, पुढे जे काही पडलेलं असेल तेही तो चालवायला घेतो.